चाळीस चार्जिंग पॉइंट, दुसरं टेंडर: प्रकल्प नोंदी

४ मार्च

फाईल आज माझ्या टेबलवर आली. चाळीस इलेक्ट्रिक गाड्यांसाठी रात्रीचं चार्जिंग आणि दिवसा फिरतीवरून येणाऱ्या गाड्यांसाठी फास्ट चार्जर. पहिलं टेंडर एकच बोली आली म्हणून रद्द झालं होतं, आता दुसऱ्यांदा काढायचंय आणि ते माझ्याकडे. नोंदी मी स्वतःसाठी ठेवतोय पण ज्यांच्याकडे उद्या अशीच फाईल येईल त्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जुनं टेंडर पूर्ण वाचलं. एकच बोली का आली ते दुसऱ्या पानावरच कळलं. स्क्रीन किती इंच, कॅबिनेटची रुंदी किती मिलिमीटर, रंग कुठला, हे सगळं एका कंपनीच्या कॅटलॉगमधून जसंच्या तसं उतरवलेलं आणि वर सरकारी पुरवठ्याचा पाच वर्षांचा अनुभव. इतक्या नव्या धंद्यात पाच वर्षं कोणाकडे असणार. आणि दुरुस्ती कोण करणार, किती तासात करणार यावर अख्ख्या दस्तऐवजात एक ओळ, "वॉरंटी नियमाप्रमाणे".

दुपारी मागच्या गेटजवळचे जुने सहा खांब बघायला गेलो, चाचणी म्हणून कधीतरी बसवलेले. सहापैकी चार बंद. कनेक्टर जमिनीवर लोळत होता, आत माती, मदतीचा नंबर लिहिलेला स्टिकर उन्हाने पांढरा पडलेला. वायरमन काका म्हणाले, "साहेब करंट आहे बरं का यात, मीटरपर्यंत सगळं ठीक आहे, पण कंपनीचा सर्व्हर बंद झाला तेव्हापासून हे कार्डच ओळखत नाहीत." म्हणजे तांबं चांगलं, वीज हजर, आणि खांब मेलेला. त्या कंपनीने स्वतःचीच भाषा वापरली होती त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरला ते जोडता येत नाहीत. मी तिथे बराच वेळ उभा होतो. लोकांच्या पैशातून घेतलेली वस्तू अशी पडून राहते हे बघवत नाही.

ठरवलं, या वेळी खांब विकत घ्यायचे नाहीत, चालू राहणारे खांब विकत घ्यायचे. आता हे टेंडरच्या भाषेत कसं बसवायचं हेच काम.

७ मार्च

मेन पॅनलला लोड लॉगर लावला, म्हणजे इमारत कधी किती वीज ओढते ते नोंदवणारं यंत्र. आठवडाभर राहील. बाकी काही नाही.

१४ मार्च

लॉगर काढला. दिवसाचा पीक, म्हणजे सगळ्यात जास्त भार, १८० किलोवॅट, रात्री दहा ते सकाळी सहा ७० च्या वर कधीच नाही. आपला मंजूर भार २५०.

जुन्या अंदाजपत्रकात सरळ गुणाकार केलाय, ७.४ किलोवॅटचे चाळीस पॉइंट म्हणजे २९६, रात्रीचे ७० मिळवले की ३६६, म्हणून नवीन ट्रान्सफॉर्मर आणि नवीन एचटी (उच्च दाबाची) केबल. अंदाजपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा चार्जरचा नाहीच, तो या ट्रान्सफॉर्मरचा आहे.

पण गाड्यांना लागतं किती हे कोणी विचारलंच नाही. लॉगबुक काढून बघितलं, गाडी दिवसाला सरासरी ६० किलोमीटर चालते. या छोट्या मालवाहू व्हॅनला किलोमीटरमागे साधारण ०.२ युनिट धरा, म्हणजे १२ युनिट, चाळीस गाड्यांचे ४८०, चार्जिंगमधली गळती धरून ५३० च्या आसपास. आणि गाड्या उभ्या असतात दहा तास. ५३० ला दहाने भागा, ५३ किलोवॅट. कुठे २९६ आणि कुठे ५३.

म्हणून लोड मॅनेजमेंट. सगळ्या पॉइंटना मिळून ११० किलोवॅटची मर्यादा घालायची, ७० अधिक ११० म्हणजे १८०, दिवसाच्या पीकपेक्षा एक वॅटही जास्त नाही आणि डिमांड चार्ज, म्हणजे सर्वोच्च भारावर लागणारा आकार, तिथेच राहतो. पाच तासात सगळ्या गाड्यांची भूक भागते.

१७ मार्च

विद्युत विभागाच्या साहेबांबरोबर यावर दीड तास चर्चा. त्यांची शंका रास्त होती, ही मर्यादा पाळणारा कंट्रोलर बंद पडला आणि चाळीसच्या चाळीस पॉइंट पूर्ण ताकदीने ओढायला लागले तर मेन ब्रेकर उडेल आणि अख्खी इमारत अंधारात. मी म्हटलं सर, म्हणून फॉलबॅक लिहून घ्यायचा, कंट्रोलरशी संपर्क तुटला की प्रत्येक पॉइंटने आपोआप ८ अँपिअरवर यायचं. २३० व्होल्टला ८ अँपिअर म्हणजे १.८४ किलोवॅट, चाळीस मिळून ७३.६. मर्यादेच्या आत आहे, आणि तेवढ्यावरसुद्धा रात्रभरात एका गाडीला १८ युनिट मिळतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर मारून बघितलं आणि मग म्हणाले, "हे टेंडरमध्ये ठळक लिहा, आणि सप्लायर तोंडी हो म्हणाला तर चालणार नाही, समोर करून दाखवायला सांगा." डेमोची कल्पना खरं तर त्यांची, श्रेय त्यांना.

अजून एक गोष्ट या गणितात धरावी लागते. आयईसी ६१८५१ या चार्जिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एसी चार्जिंगमध्ये गाडीला ६ अँपिअरच्या खाली ओढायला सांगताच येत नाही, त्याखाली थांबवायचंच. ६ ने धरलं तर चाळीस गाड्यांचे ५५ किलोवॅट होतात. म्हणजे मर्यादा ५५ च्या खाली घातली असती तर काही गाड्यांना आळीपाळीने थांबवावं लागलं असतं. आपण ११० वर आहोत त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

ट्रान्सफॉर्मर वगळला. टिपणीवर सही झाली. आज घरी जाताना खूप हलकं वाटत होतं.

२४ मार्च

फास्ट चार्जरचं. वरून इच्छा अशी की १२० किलोवॅटचा एक मोठा घ्यावा, दिसायलाही चांगला. दिवसा आपल्याकडे शिल्लक फक्त ७०. आणि एकच मशीन असलं की ते बंद पडलं की सगळंच बंद. मी ३० किलोवॅटचे दोन सुचवले. एक बिघडला तरी एक चालतो, गाडी तासभर जेवणाच्या सुट्टीत उभी असतेच. मान्य झालं. मेन मीटर वाचून गरज पडल्यास त्यांनी स्वतःहून कमी व्हायचं अशी अट सोबत घातली, कारण १८० अधिक ६० म्हणजे २४० आणि २५० च्या इतकं जवळ विसंबून राहायला नको.

२८ मार्च

सप्लायर लोकांशी बाजार चाचपणी. सहा जण आले, सगळ्यांना तेच बारा प्रश्न, इतिवृत्त ठेवलं आणि सहाही जणांना पाठवलं म्हणजे कोणाला वेगळी माहिती मिळाली असं व्हायला नको.

मुख्य मुद्दा ओसीपीपी. चार्जर आणि सर्व्हर यांच्यातली ही खुली भाषा, सुरुवात नेदरलँड्समधल्या वीज वितरण कंपन्यांनी २००९ मध्ये उभ्या केलेल्या संस्थेकडून झाली, आता ओपन चार्ज अलायन्स सांभाळते. बाजारात अजून बहुतेक चार्जर १.६ वर चालतात, ती आवृत्ती २०१५ ची. २.०.१ आली २०२० मध्ये आणि ती आता आयईसी ६३५८४ म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झालीये. फसायची जागा अशी की दोन्ही एकमेकींना समजत नाहीत, १.६ चा चार्जर २.०.१ च्या सर्व्हरशी आपोआप बोलेल असं धरून चालू नये. सहाही जण म्हणाले आमचा चार्जर "ओसीपीपी रेडी" आहे. या "रेडी" शब्दाला काही अर्थ नाही. आम्ही लिहिणार: आवृत्ती कोणती, अलायन्सचं प्रमाणपत्र कोणत्या मॉडेलचं, आणि पुरवठा त्याच मॉडेलचा.

एका तरुण इंजिनिअरने जाता जाता जे सांगितलं ते लाख मोलाचं. चार्जरमध्ये सर्व्हरचा पत्ता भरलेला असतो. तो पत्ता कंपनीच्या डोमेनचा (इंटरनेटवरच्या नावाचा) ठेवला तर कंपनी बदलताना प्रत्येक खांबाशी जाऊन बदलावा लागतो, तोही पासवर्ड दिला तर. त्याऐवजी पत्ता आपल्याच डोमेनचा ठेवायचा आणि तो आज या कंपनीकडे वळवायचा, उद्या दुसरीकडे. सिमकार्डही आपल्या नावावर. मी लगेच लिहून घेतलं. मागच्या गेटच्या त्या चार खांबांना एवढंच मिळालं असतं तर ते आज चालू असते.

३ एप्रिल

आज दिवसभर पार्किंगमध्ये दोरी घेऊन फिरलो. हो, दोरीच. ५ मीटर आणि ७ मीटरवर गाठ मारलेली.

झालं असं की सगळ्यांच्या माहितीपत्रकात केबल ५ मीटर. आमच्याकडे तीन प्रकारच्या गाड्या, एकीचं चार्जिंग पोर्ट नाकावर, एकीचं पुढच्या उजव्या चाकावर, एकीचं मागे डावीकडे. आणि एका खांबावर दोन गाड्या, म्हणजे खांब दोन जागांच्या मध्ये. गाडी नाकाने आत लावली आणि पोर्ट मागे डावीकडे असलं की केबल गाडीच्या कडेने जाते, वर चढते, मग पोर्टपर्यंत. ड्रायव्हर दादांना नेहमीसारखी गाडी लावायला सांगितली, मुद्दाम नीट लावू नका म्हटलं. चाळीसपैकी तेरा जागांवर ५ मीटरची गाठ पोर्टपर्यंत पोचलीच नाही. ७ ची सगळीकडे पोचली, एका ठिकाणी जेमतेम.

हे किरकोळ वाटेल पण नाही. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को बे एरियात संशोधकांनी ६५७ सार्वजनिक फास्ट चार्जर प्रत्यक्ष जाऊन तपासले, त्यातले ७२.५ टक्केच चालू निघाले, आणि जवळपास ५ टक्के ठिकाणी अडचण फक्त एवढीच की केबल पोचत नव्हती. मशीन चांगलं, वीज आहे, केबल तोकडी. ते आकडे वाचले होते म्हणूनच दोरी घेऊन गेलो.

७ मीटर लिहिलं. सोबत केबल गुंडाळून ठेवायचा हूक, जमिनीवर लोळायला नको. दोन जागा व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी, तिथे खांबाला कडा किंवा चौथरा नको आणि गाडीच्या दाराच्या बाजूला रुंद मोकळी जागा हवी. आमच्या कार्यालयातल्या एक मॅडम व्हीलचेअरवर असतात, त्यांनाच विचारलं स्क्रीन किती उंचीवर हवी. त्यांनी हात वर करून दाखवलं आणि मी टेपने मोजलं. कॅटलॉगमधली उंची त्यापेक्षा पंचवीस सेंटिमीटर वर होती.

१० एप्रिल

आज अपटाइमचं, म्हणजे चार्जर किती वेळ चालू असला पाहिजे याचं कलम. पूर्ण दिवस यातच गेला आणि जायलाच हवा होता, अख्ख्या टेंडरचा जीव यात आहे.

"९७ टक्के अपटाइम" ऐकायला भारी वाटतं. वर्षाचे तास ८७६०, त्याचे ३ टक्के २६३, म्हणजे अकरा दिवस बंद ठेवायची परवानगी. ९९ टक्के म्हटलं तर साडेतीन दिवसांच्या थोडं वर. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं काय तर तो कशाचा आकडा आहे. अमेरिकेच्या नेव्ही (NEVI) या चार्जर उभारणीच्या सरकारी योजनेत ९७ टक्के चार्जरच्या प्रत्येक पोर्टला वेगवेगळे मोजतात. ब्रिटनच्या २०२३ च्या नियमात रॅपिड चार्जरना ९९ टक्के आहे पण ती कंपनीच्या सगळ्या नेटवर्कची सरासरी. आमच्याकडे चाळीस पॉइंट, त्यातला एक अख्खं वर्ष बंद पडला आणि बाकीचे एकोणचाळीस चालले तर सरासरी ९७.५ टक्के, म्हणजे ९७ ची अट पूर्ण. आणि ज्या ड्रायव्हरची गाडी त्या पॉइंटवर लागते त्याने काय करायचं. म्हणून आम्ही प्रत्येक पॉइंट वेगळा मोजणार, तोही महिन्याला, वर्षाला नाही.

दुसरी पळवाट "वगळलेला वेळ". वीज गेली, तोडफोड झाली, पूर आला, हे वगळणं योग्य. पण कंपन्यांच्या मसुद्यांमध्ये "नेटवर्क अडचण", "सुट्या भागांची प्रतीक्षा", "नियोजित देखभाल" सगळं वगळलेलं असतं. सिमचा करार त्यांनीच सांभाळायचा आणि सिम बंद पडलं तर वगळा, हे कसं चालेल. आम्ही वगळण्याची यादी चार गोष्टींवर आणली आणि पुरावा त्यांनी द्यायचा असं लिहिलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. चार्जर सर्व्हरला दर काही मिनिटांनी हार्टबीट पाठवतो, मी जिवंत आहे म्हणून. कनेक्टरची पिन वाकलेली असली, लॉक अडकलेलं असलं तरी हार्टबीट जातच राहतो आणि डॅशबोर्डवर हिरवा ठिपका. म्हणून दुसरा मापदंड घातला, शंभर वेळा गाडी लावली तर किती वेळा खरंच चार्जिंग सुरू होऊन किमान एक युनिट गेलं. ९५ च्या खाली आलं की तो पॉइंट त्या महिन्यात बंद धरायचा. शिवाय दर महिन्याला आपला माणूस आपली गाडी घेऊन प्रत्येक पॉइंटवर पाच मिनिटं लावून बघणार. कच्चा डेटा आपल्याकडे येणार, त्यांनी बनवलेला अहवाल नाही, कच्चा डेटा.

१६ एप्रिल

लेखा विभागातल्या मॅडमशी बैठक. त्यांचं म्हणणं स्पष्ट, सगळ्यात कमी दर त्याला काम, नियम आहे. मी म्हटलं नियम मोडायचा नाहीच मॅडम, फक्त कमी कशाचा ते ठरवूया. खांबाची किंमत कमी की आठ वर्षांचा खर्च कमी. त्यांनी कागद पुढे ओढला आणि स्वतःच रकाने पाडले: खरेदी, बसवणी, सॉफ्टवेअरची वर्षवार फी, सिम, देखभाल, सुटे भाग, आठव्या वर्षी काढून नेणं. सॉफ्टवेअरची फी हा रकाना पहिल्या टेंडरमध्ये नव्हताच. कंपन्या खांब स्वस्त देतात आणि पहिलं वर्ष संपलं की फी सुरू करतात, आठ वर्षांत ती खांबाच्या किमतीलाही मागे टाकू शकते. आता सगळं आजच लिहून द्यायचं आणि त्या बेरजेवर तुलना. मॅडमनी अजून एक सुचवलं जे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, देखभालीचे पैसे तिमाहीला आणि त्या तिमाहीच्या अपटाइमवर. दंड वसूल करत बसायचं नाही, आधी काम मग पैसे.

कंपनीच बुडाली तर काय हाही विषय निघाला. अमेरिकेतल्या ईकोटॅलिटी कंपनीला चार्जर बसवायला मोठं सरकारी अनुदान मिळालं होतं आणि ती २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. असं होतं. म्हणून अ‍ॅडमिन पासवर्ड, सेटिंगची फाईल आणि वायरिंगचे नकाशे पहिल्या बिलाच्या आधी आपल्या ताब्यात.

२ मे

प्री-बिड मीटिंग, म्हणजे बोली लावण्याआधीची बैठक. चौऱ्याहत्तर लेखी प्रश्न. बहुतेक अपटाइम सैल करा म्हणून. एक प्रश्न खरा होता, दर महिन्याला मोजलं तर फास्ट चार्जरचा मोठा भाग बाहेरून यायला वेळ लागतो. बरोबर आहे. उत्तर दिलं की पॉवर मॉड्यूलचा एक जास्तीचा नग इथेच ठेवा, तो दरात धरा. शुद्धिपत्रक काढलं, बोलीची मुदत दहा दिवस वाढवली.

२७ मे

पाच बोली. मागच्या वेळी एक होती. तांत्रिक लिफाफे उघडले, एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्याच मॉडेलचं निघालं, बाद. डेमोला चार.

३ आणि ४ जून

डेमो. प्रत्येकाला अर्धा दिवस, आमची गाडी, आमचा सर्व्हर.

चाचणी एक, चार्जर आमच्या डोमेनवर आणा. तिघांनी वीस मिनिटांत आणला, चौथ्याचा माणूस दोन तास मुख्य कार्यालयाला फोन लावत होता कारण पासवर्ड त्याच्याकडेच नव्हता. बाद. वाईट वाटलं, मशीन चांगलं होतं.

चाचणी दोन, चार्जिंग चालू असताना नेटवर्क काढलं. गाडीचं चार्जिंग थांबता कामा नये आणि नेटवर्क परत आल्यावर नोंद आपोआप जायला हवी. तिघेही पास.

चाचणी तीन बघण्यासारखी होती. कंट्रोल पायलटच्या, म्हणजे चार्जर गाडीला संदेश देतो त्या तारेवर ऑसिलोस्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला. त्या तारेवर एक किलोहर्ट्‌झची चौकोनी लहर असते आणि तिची रुंदीच गाडीला सांगते किती ओढायचं, ३२ अँपिअरला ५३ टक्के, १६ ला २७ च्या जवळ, ६ ला १०. आम्ही कंट्रोलरची तार खेचली आणि सगळे पडद्याकडे बघत उभे. पहिल्याची लहर आठ सेकंदांत आकसून १३ टक्क्यांवर आली, म्हणजे ८ अँपिअर, करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवरही ८ च्या खालीच. दुसऱ्याचंही तसंच. तिसऱ्याची लहर ५३ वरच राहिली. दहा मिनिटं थांबलो. ५३. कागदावर त्यांनी "फॉलबॅक उपलब्ध" लिहिलं होतं, आणि ते खरंही होतं, पण कारखान्यातून बंद करून आलेलं आणि चालू कसं करायचं ते आलेल्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. विद्युत विभागाचे साहेब काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून मान हलवली.

११ जून

दोन आर्थिक लिफाफे उघडले. गंमत बघा, खांबाच्या किमतीत दुसरा स्वस्त, आठ वर्षांच्या बेरजेत पहिला स्वस्त, तेही चांगल्या फरकाने. मॅडमचा रकाना कामी आला. पहिल्याला कार्यादेश.

१४ ऑगस्ट

मधले दोन महिने खोदकाम, पाइप, फाउंडेशन. पुढे चाळीसचे साठ करायचे झाले तर परत खोदायला नको म्हणून वीस जागांसाठी रिकामे पाइप आत्ताच टाकून घेतले, चर उघडी असताना त्याचा खर्च नगण्य.

आज एक चूक सापडली. पॉइंट सिंगल फेजचे, तीन फेजवर १४, १३, १३ असे वाटायचे होते. ठेकेदाराच्या माणसांनी एका रांगेतले सगळे एकाच फेजवर घेतले, तिथे १९ झाले. बेरीज ११० च्या आत दिसली असती पण ती एक फेज तापली असती. प्रत्येक खांबाचं झाकण उघडून बघितलं म्हणून कळलं. पाच बदलून घेतले. प्रत्येक पॉइंटचं लीकेज (गळणाऱ्या करंटपासूनचं) संरक्षणही बटण दाबून नाही, मीटर लावून तपासलं, डीसी ६ मिलिअँपिअरचं सुद्धा.

२९ ऑगस्ट

स्वीकृती चाचणी. रात्री दहाला चाळीस गाड्या एकदम लावल्या. मी मेन पॅनलपाशी, वायरमन काका पार्किंगमध्ये फोनवर. आकडा चढत गेला, १२०, १५०, १७०, आणि १७८ वर जाऊन थांबला. मग कंट्रोलरची तार काढली. १७८ वरून १४२. काका फोनवर म्हणाले, "साहेब, एकही गाडी बंद नाही पडली, सगळ्यांचे दिवे चालू आहेत."

पहाटे साडेतीनपर्यंत अडतीस गाड्या भरल्या. उरलेल्या दोनपैकी एका गाडीचं पोर्टच खराब होतं, दुसरीच्या पॉइंटवर लॉक अडकत होतं. तो पॉइंट क्रमांक २३, तक्रार पहाटे ३:४० ला नोंदवली, घड्याळ सुरू.

३० ऑगस्ट

२३ चं लॉक दुपारी १:१५ ला बदललं. कच्च्या डेटात नऊ तास पस्तीस मिनिटं दिसतायत, त्यांच्या अहवालातही तेवढीच. जुळलं. पहिल्या बिलाची टिपणी लिहायला घेतोय, आणि मागच्या गेटच्या त्या सहा खांबांची केबल आणि मीटर परत वापरता येतील का यावर वेगळी फाईल उघडलीये.